माथाडीचा मालक कोण? १९६९ च्या कायद्याची पार्श्वभूमी

साठ वर्षांपूर्वी मुंबईतल्या मशीद बंदरच्या घाऊक बाजारात धान्याचे शंभर किलोचे पोते ट्रकमधून उतरून गाळ्यातल्या थप्पीवर जाई, तेव्हा ते ज्याच्या पाठीवरून जाई त्या माथाडीचे, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालाचे, नाव कोणाच्याच वहीत नसे. व्यापाऱ्याच्या खतावणीत हमालीची रक्कम लिहिलेली असे, पण ती पोत्यांच्या संख्येवर काढलेली आणि मुकादमाच्या हाती दिलेली. मुकादम ती टोळीत वाटून देई, आणि वाटपाचा हिशेब मागण्याची सोय नसे. पाय घसरून पोते अंगावर पडले, मणका गेला, तर व्यापारी म्हणे की हा माणूस माझा नोकर नाही. हे उत्तर क्रूर होते, पण त्या वेळच्या कायद्याच्या चौकटीत ते खोडून काढणेही कठीण होते. एकच टोळी सकाळी एका पेढीचा माल उतरवी, दुपारी दुसऱ्या पेढीचा आणि संध्याकाळी तिसऱ्या. मग मालक कोणाला म्हणायचे?

गिरणी कामगारांना हा प्रश्न अशा रूपात कधी पडला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य करून घेतली, तेव्हा समोर गिरणी होती, तिचे फाटक होते आणि ज्याच्याकडे मागणी करायची तो मालक होता. पुढे १९३६ चा वेतन प्रदान कायदा, १९४८ चा कारखाने अधिनियम, १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा असे एकेक संरक्षण आले. पण या साऱ्यांच्या मुळाशी एक आस्थापना आणि तिचे हजेरीपत्रक गृहीत धरलेले होते. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याच्यापर्यंत हे हक्क पोहोचण्याची वाटच नव्हती. म्हणूनच पुढे कायद्याने अशा कामगाराला नाव दिले, ते ‘असंरक्षित कामगार’.

वाट दिसली ती गोदीत. जहाज लागले की माणसे घ्यायची आणि रिकामे झाले की सोडायची, ही तिथली जुनी रीत. ती मोडण्यासाठी १९४८ मध्ये गोदी कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला आणि त्याखाली कामगारांची नोंदणी करून त्यांना पाळीने काम देणारी मंडळे उभी राहिली. काम रोज वेगळ्या मालकाचे असले तरी कामगाराची नोंद एकाच ठिकाणी ठेवता येते, हे गोदीने दाखवून दिले. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून मुंबईत आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी घाटावरच्या खेड्यांतून आलेल्या माथाडींना एकत्र करून संप, मोर्चे आणि तुरुंगवास यांतून जी मागणी लावून धरली, तिच्या गाभ्याशी हेच तत्त्व होते. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी करून याच वर्गाची बाजू मांडली होती.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम झाला. त्याची योजना मला आजही विलक्षण साधी आणि खोल वाटते. मालक शोधत बसण्याऐवजी या कायद्याने व्यापारी आणि हमाल यांच्यामध्ये एक मंडळ बसवले. मालकांचे आणि कामगारांचे समान प्रतिनिधी आणि सोबत शासनाचे प्रतिनिधी अशी त्याची घडण आहे. किराणा बाजार, कापड बाजार, लोखंड बाजार अशी व्यवसायानुसार निरनिराळी मंडळे झाली. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंद करायची, टोळीने नोंद करायची आणि हमालीचे पैसे मंडळात भरायचे. मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्हीही, म्हणजे मजुरीवरची जादा आकारणीही, भरायची. समजा मजुरी १०० रुपये आणि लेव्ही ३० टक्के, तर व्यापारी १३० रुपये भरतो. त्यातले १०० कामगाराच्या मजुरीत जातात आणि उरलेल्या ३० मधून भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार आणि मंडळाचा खर्च भागतो. टोळी राहिली, मुकादमही राहिला. पण पैशांचा हिशेब त्याच्या खिशातून मंडळाच्या कागदावर आला. ज्याच्या कमाईचा कधी पुरावा नव्हता, त्याच्या हातात महिन्याच्या पगाराची नोंद आली, आणि त्या नोंदीच्या आधारावर माणूस कर्ज काढू शकतो, घराचा हप्ता भरू शकतो. पुढे घाऊक बाजार नवी मुंबईत हलला तेव्हा माथाडींच्या वसाहतीही त्या परिसरात उभ्या राहिल्या.

कायदा झाला म्हणून सगळीकडे तो पाळला गेला असे मात्र नाही. नोंदणी टाळणे, लेव्ही थकवणे, माथाडीऐवजी कंत्राटी माणसे लावणे हे प्रकार चालू राहिले. उलट बाजूने, माथाडीच्या नावाखाली काम न करता वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, उकळणाऱ्यांच्या तक्रारी उद्योजकांनी केल्या, आणि त्यांत तथ्य आहे हे खऱ्या माथाडींचे नेतेही मान्य करतात. मंडळांची संख्या कमी करून ती एकत्र करण्याचा विचार सरकारने मांडला, तेव्हा माथाडींनी बाजार बंद ठेवून विरोध केला. त्यांची भीती समजण्यासारखी आहे: प्रत्येक बाजाराचे दर, वजन आणि कामाची पद्धत वेगळी, आणि ती जाणणारे मंडळ जवळ असले तरच थकलेल्या लेव्हीचा पाठपुरावा होतो.

या कायद्याचा साचा १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी वापरला गेला, आणि त्यांचीही मंडळे झाली. २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचा प्रश्न माथाडीच्या प्रश्नासारखाच, अनेक मालक आणि एकही मालक नाही असा. परंतु या मंडळातून तिचा पगार दिला जात नाही आणि घरमालकाकडून पगाराच्या प्रमाणात लेव्हीही घेतली जात नाही. रविवारी खाडा केला तर तिचे पैसे आजही त्या त्या घरची मालकीण ठरवेल तसे कापले जातात.