जॉर्डनच्या एका वाक्याने बोग्स संपला?

एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या १९९५च्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) मायकेल जॉर्डनने पाच फूट तीन इंचांच्या मग्सी बोग्सला उंचीवरून टोमणा मारला, त्याचा शॉट हुकला आणि कारकीर्दच संपली, असं वर्षानुवर्षं फिरतंय. बोग्सने ते स्वतः नाकारलं आहे.

त्या मालिकेतला चौथा सामना बोग्सचा संघ शार्लट जॉर्डनच्या शिकागोकडून ८४-८५ असा हरला, हे खरं. पण पुढच्या हंगामात बोग्स ६च सामने खेळला तो गुडघ्यामुळे. त्यानंतरच्या हंगामात ६५ सामने. एनबीएत तो २००१पर्यंत, एकूण १४ हंगाम टिकला.

तो टिकला कशावर? त्याचा ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) इतका खाली असायचा की उंच खेळाडूला चेंडूसाठी कंबरेत वाकावं लागे, आणि वाकला की पाय अडकतात, तेवढ्यात बोग्स पुढे निघून जाई. चेंडू फारच क्वचित गमावायचा: चेंडू गमावण्याच्या एका चुकीमागे चाराहून जास्त असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास). कारकिर्दीत ६,७२६ असिस्ट, १,३६९ स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू). प्रतिस्पर्धी गार्डला (चेंडू पुढे आणणाऱ्या खेळाडूला) तो पूर्ण कोर्टभर चिकटायचा.

कमतरता होतीच. उंच गार्ड त्याच्याकडे पाठ करून त्याला रेटत बास्केटजवळ नेत आणि त्याच्या डोक्यावरून शॉट मारत. अशा वेळी मदतीला दुसरा बचावपटू धावला, की तो बचावपटू ज्याला अडवत होता तो खेळाडू मोकळा सुटे.