गोरेपणाची मोजपट्टी

२०१९पर्यंत ‘फेअर अँड लव्हली’च्या खोक्यावर दोन चेहरे शेजारीशेजारी असायचे, एक गडद आणि एक उजळ. सोबत त्वचेच्या छटांची पट्टी. आपला रंग पट्टीवर कुठे बसतो ते आधी बघायचं, क्रीम लावत राहायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. क्रीमने रंग किती बदलतो, हा त्यातला लहान प्रश्न. ती पट्टी डोक्यात जाऊन बसली की मुलीचं काय होतं, हा मोठा.

लहान प्रश्न आधी संपवू. बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात, पुटिकांमध्ये, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांमध्ये, भरतात आणि आसपासच्या पेशींना पुरवतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. पुटिका केवढ्या, किती आणि त्यांत कोणत्या प्रकारचं मेलॅनिन, यावर रंग ठरतो आणि हे बहुतांशी जनुकांच्या हातात असतं. क्रीममधलं निआसिनमाइड, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप, पुटिकांच्या या वाहतुकीत थोडा अडथळा आणतं. परिणाम सौम्य असतो आणि क्रीम थांबवलं की ओसरतो. दंडाची आतली बाजू उजेडात बघा. ऊन न लागलेला तुमचा मूळ रंग तो. त्वचारोगतज्ज्ञही तो तिथेच तपासतात. उन्हाने आलेला काळपटपणा कमी होऊ शकतो, पण माणूस दुसऱ्याच रंगाचा होत नाही.

वचन पुरं झालं नाही की काहीजणी मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणतात. सुरुवातीला चेहरा खरंच उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, गाल लाल पडतात, पुरळ येतं, नको तिथे केस येतात आणि ट्यूब बंद केली की चेहऱ्याची आग होते. म्हणून पुन्हा तीच ट्यूब. अशा अनेक मलमांना २०१८ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती झाली. तोवर किती चेहरे बिघडले असतील, या विचाराने संताप येतो.

आता मोठा प्रश्न. गोरेपणाचं वेड जाहिरातींनी जन्माला घातलं, असं म्हणणं खरं नाही. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आलं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीचा रंग त्याच्या कितीतरी आधीपासून बघितला जात होता. जाहिरातीने एक मोठा बदल मात्र केला. रंग ही नशिबाची बाब होती, ती मेहनतीची झाली. त्यामुळे सावळी राहिलेली मुलगी आता नुसती कमनशिबी राहिली नाही, तिने स्वतःकडे लक्ष दिलं नाही असा तिच्यावर ठपका आला. आपल्याला मुलगा असता तर, म्हणून हळहळणारा बाप, मग क्रीम लावून उजळलेली त्याची मुलगी आणि तिला लागलेली हवाई सुंदरीची नोकरी, ही जाहिरात अनेकांना आठवत असेल. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या तक्रारींनंतर २००३ मध्ये ती बंद झाली.

असं काही शंभरदा पाहिलं की काय होतं? १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी काही खरी आणि काही खोटी विधानं लोकांना काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा ऐकवली. जी पुन्हा कानावर आली, ती लोकांना जास्त खरी वाटू लागली. पुढच्या प्रयोगांत तर खरं उत्तर माहीत असलेली माणसंही यातून सुटली नाहीत.

त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग १९९८ चा. विद्यार्थ्यांना एकेकट्याने कपडे बदलायच्या खोलीत पाठवलं. काहींनी पोहण्याचा पोशाख घालायचा, काहींनी स्वेटर. आत मोठा आरसा, बघणारं कोणीच नाही. त्याच कपड्यांत गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा कमी गुण पडले. मुलांमध्ये असा फरक दिसला नाही. मी कशी दिसते, याकडे लक्ष लागलं की गणितासाठी ते कमी उरतं, असा अर्थ संशोधकांनी लावला. प्रयोग अमेरिकेतल्या तरुण विद्यार्थ्यांवरचा होता आणि त्यात रंगाचा प्रश्न नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायची सवय केवढी खर्चिक असते, याचा अंदाज त्यातून येतो. ती पट्टी नेमकी हीच सवय लावत होती.

यावर ‘मुलींना जाहिरातीतली चलाखी समजावून सांगा’ हा उपाय पटकन सुचतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून, मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड दिसावं म्हणून बदललेल्या व्यावसायिक छायाचित्रांवर तशी सूचना छापावी लागते. पण ऑस्ट्रेलियात मारिका टिगेमन यांच्या गटाने अशा सूचना तपासल्या, तेव्हा त्या सूचनांमुळे बायकांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी कमी झाली नाही. फोटोत नेमकं काय बदललंय हे लिहिलं, तर नजर त्याच अवयवाकडे जास्त वळली. फोटो खोटा आहे हे कळूनही तुलना थांबत नाही.

म्हणून सूचना छापण्यापेक्षा मोजपट्टीच काढून घेणारे बदल मला जास्त मोलाचे वाटतात. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ‘आस्की’ने २०१४ मध्ये नियम केला, की सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवायचं नाही. खोक्यावरचे दोन चेहरे आणि छटांची पट्टी २०१९ मध्ये गेली, २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने स्थळं रंगानुसार गाळायची सोय काढून टाकली, तीही वापरणाऱ्या बायकांनी आवाज उठवल्यावर. आपल्याकडच्या लग्नाच्या बायोडेटात मात्र उंची आणि रक्तगटाच्या शेजारी ‘वर्ण’ हा रकाना अजून असतो आणि तिथे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांतलं काहीतरी मुलीचे आईवडीलच लिहितात. तो रकाना खोडायला कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही.