चाच्यांचे डॉल्फिन आणि एक्झेकियसचा पेला

जर्मनीतल्या म्युनिकमध्ये अथेन्सचा एक पसरट मातीचा पेला आहे. काळ साधारण इ.स.पू. 530. आखूड पाय, दोन आडवे कान. अशा मद्यपात्राला 'कायलिक्स' म्हणतात. पायाच्या कडेवर कुंभार एक्झेकियसची सही आहे. आतल्या पोवळ्यासारख्या लाल रंगावर मद्याचा देव डायोनिसस गलबतात एकटाच आरामात रेललेला दिसतो. डोलकाठीवरून द्राक्षवेल चढलाय, वर सात घड लोंबतायत आणि भोवती सात डॉल्फिन पोहतायत.

ही गोष्ट प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावर चालत आलेल्या एका स्तोत्रात येते. समुद्री चाच्यांनी तरुण डायोनिससला राजपुत्र समजून पळवलं. त्याला बांधायला गेले, तर दोर गळून पडले. गलबतात मद्य वाहू लागलं, शिडावर वेल पसरला आणि देवाने सिंहाचं रूप घेतलं. घाबरून समुद्रात उड्या टाकणारे चाचे डॉल्फिन झाले. वाचला फक्त त्यांना आधीच बजावणारा सुकाणूवाला. एक्झेकियसने सिंह आणि पळापळ गाळून नंतरची शांतता तेवढी रंगवली. माझ्या मते त्याची खरी करामत हीच.

ग्रीक पुरुष मेजवानीत आडवे होऊन, पाणी मिसळलेलं मद्य पीत. पेला रिकामा होत जाई तसं तळाचं चित्र उघडं पडे. बाहेरच्या अंगाला मोठाले डोळे आहेत. पेला तोंडाला लावला की पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर जणू मुखवटा चढे.

अशा भांड्यांवरच्या आकृत्यांना काळा रंग येई तो भट्टीच्या जोरावर. बारीक गाळलेल्या मातीच्या लेपाने आकृत्या काढत. भाजताना आधी भट्टीत हवा खेळू देत, मग कोंडत. तेव्हा सगळंच काळं पडे. पुन्हा हवा सोडली की उघडी माती लाल होई, पण काचेसारखा घट्ट झालेला लेप काळाच राही.

स्तोत्रातले चाचे टिऱ्हेनियन आहेत, आणि ग्रीक लोक इटलीतल्या प्राचीन इट्रुस्कन लोकांनाही याच नावाने ओळखत. हा पेला सापडला इटलीतल्या वल्ची या इट्रुस्कन शहरात! घेणाऱ्याला ती कथा ठाऊक होती का, देव जाणे. अशी कितीतरी ग्रीक भांडी शाबूत राहिली, कारण इट्रुस्कनांनी ती थडग्यांत ठेवली. म्हणूनच अठराव्या शतकात पुष्कळ जाणकार त्यांना इट्रुस्कनच समजत. 1828पासून वल्चीत नेपोलियनचा भाऊ ल्युसियन बोनापार्ट याच्या जमिनीत हजारो भांडी निघाली. त्यांवरचे ग्रीक लेख आणि कुंभारांच्या सह्या पुढे आल्यावर तो समज मागे पडत गेला.