रेल्वे-एसटीची जुनी पोस्टरं दुकानात आणण्याआधी

सेलोटेप लावू नका.

पुढचं वाचायला सवड नसली तरी एवढं ध्यानात ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पोस्टरच्या पाठीला पट्ट्या असतात आणि त्यातल्या निम्म्या आदल्या रात्री लावलेल्या असतात, "इथं आणेपर्यंत आणखी फाटू नये म्हणून". मनात काळजी असते हे आम्हाला कळतं. पण फाटलेला कागद जोडणं हे आमचं एका दुपारचं काम. पट्टी काढून मग जोडायचं म्हटलं की तेच काम महिन्यावर जातं आणि बिल बघून तुमचाही चेहरा उतरतो.

सेलोटेप पहिली काही वर्षं गुणाची वाटते. मग तिचा डिंक कागदात मुरतो, पिवळा पडतो, पुढे तपकिरी होतो. शेवटी वरचं प्लास्टिक आपोआप गळून पडतं आणि डिंक तेवढा कागदात राहतो. तो पाण्याला दाद देत नाही. रसायन लावावं तर छपाईचा रंग पळायची भीती, म्हणून प्रत्येक रंगावर आधी टाचणीच्या टोकाएवढा थेंब टाकून बघावं लागतं. चार इंचाच्या जुन्या पट्टीत आमच्या कारागिराचा अर्धा दिवस जातो आणि तरी फिकट डाग उरतो. पट्टी काढण्याचे पैसे आम्ही इंचावर लावतो ते यासाठी. काहींना ते जास्त वाटतात. त्यांनी एकदा शेजारी बसून काम बघावं, चहा आमच्याकडून.

दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकाने स्वातंत्र्यापूर्वीचं, थंड हवेच्या ठिकाणाचं रेल्वेचं पोस्टर आणलं. पाठीला नऊ पट्ट्या. ताज्या तीन त्याच दिवशी निघाल्या, बाकी सहांनी तीन आठवडे खाल्ले. सर्वांत खालची पट्टी पुढच्या बाजूवर वळवलेली होती. ती निघताना छापखान्याच्या नावाची निम्मी अक्षरं सोबत घेऊन आली. चित्र वाचलं, पण पोस्टर कुठं छापलं हे सांगणारी ओळ गेली.

ही खालची ओळ फार मोलाची असते. १८६७च्या छापखाना कायद्याने आपल्याकडे छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं बंधनकारक होतं, म्हणून ती बहुधा तळाला बारीक अक्षरांत सापडते. नेमकी तीच कड आधी फाटते, आणि पट्टी किंवा कात्री तिथंच चालते. फ्रेममध्ये बसावं म्हणून तळ कापून आणलेली पोस्टरं बघितली की पोटात तुटतं.

"किती जुनं असेल हो?" हे काउंटरवर रोज विचारलं जातं. पुष्कळसं उत्तर पोस्टरवरच असतं. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं नाव असेल तर ते बहुधा ५ नोव्हेंबर १९५१च्या आधीचं, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचं नाव असेल तर १४ एप्रिल १९५१च्या आधीचं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे ते अहमदनगर धावली, तेव्हा "१९४०चं एसटीचं पोस्टर" कोणी विकायला आणलं तर हसून पुढे चला. भाडं आण्यांत छापलेलं असेल तर १ एप्रिल १९५७च्या आधीचं समजा, "नये पैसे" असतील तर त्यानंतरच्या सात वर्षांतलं. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२च्या अलीकडचं.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेताना खिशात भिंग ठेवा. जुन्या लिथो छपाईत (म्हणजे शिळाछपाईत) रंग सलग किंवा खडूच्या रेघेसारखा खरबरीत दिसतो, आताच्या नकलेत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. नोटा तपासायचा निळा दिवाही कामाला येतो. त्याखाली कागद पांढराशुभ्र चमकला तर शंका घ्या, कारण अशी चमक आणणारी रसायनं कागदात साधारण १९५० नंतर आली. खात्री नसेल तर आमच्याकडे आणा. नुसतं बघायचे आम्ही पैसे घेत नाही, आणि नक्कल निघाली तर भारी फ्रेम गळ्यात मारत नाही.

आता आमच्या पद्धतीबद्दल. पोस्टर आम्ही जपानी कागदाचा थर देऊन कापडावर चढवतो आणि त्यासाठी खळ वापरतो. कुरडईला काढतात तसा गव्हाचा चीक, शिजवून, गाळून. फेविकॉल लाकडाला उत्तम, कागदाला आम्ही तो लावत नाही, कारण वाळल्यावर तो धड सुटत नाही. खळ उद्या दुसऱ्या कारागिराला ओलाव्याने सोडवता येते. उडालेल्या जागी आम्ही फक्त मागचा रंग जुळवतो, चित्र नव्याने रंगवत नाही. "जरा उजळ करून द्या" म्हणणाऱ्यांना नाही म्हणावं लागतं, यात दोन-चार गिऱ्हाइकं गेलीही.

जून ते सप्टेंबर कापडावर चढवायचं काम बंद असतं. कोल्हापूरच्या पावसात खळ वेळेवर वाळत नाही आणि बुरशी धरते. या काळात आम्ही पट्ट्या काढणं, तपासणी आणि फ्रेमची कामं घेतो.

लॅमिनेट केलेलं पोस्टर कृपया आणू नका. त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

आणताना घडी घालू नका आणि रबरबँड लावू नका. चार इंची पाइप घ्या, त्यावर कोरा कागद गुंडाळा, त्याच्यावर पोस्टर सैल गुंडाळा, वरून पुन्हा कागद आणि सुती नाडी. पाइपच्या आत कोंबलं की बाहेर काढताना कडा जातात. मुळातच घडी असेल आणि कागद कडकडत असेल तर उलगडायचा मोह आवरा, दोन पुठ्ठ्यांत तसंच आणा. सुटलेले तुकडे पाकिटात घाला, नखाएवढा असला तरी. पुरात भिजलेलं असेल तर वाळवत बसू नका, कोऱ्या कागदांत ठेवून त्याच दिवशी या.

फ्रेम आमच्याकडूनच करा असा हट्ट नाही. कुठंही केलीत तरी आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) मागा आणि काच कागदाला टेकू देऊ नका. आमच्याकडे केलीत तर दोन्ही त्याच दरात मिळतं, आणि वर्षभरात कसर (कागद खाणारी कीड) दिसली तर उघडून साफ करून देतो.

सोमवारी दुकान बंद. पोस्टर मोठं असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे मोठं टेबल मोकळं ठेवतो.