लघु आकाराचा घरगुती संगणक : भागांची निवड

सुटे भाग स्वतः निवडून घरीच जोडलेला आणि नेहमीच्या उभ्या कॅबिनेटच्या निम्म्याहून कमी जागेत मावणारा मेजावरचा संगणक म्हणजे लघु आकाराचा घरगुती संगणक. त्याचा आकार लांबी-रुंदीपेक्षा घनफळात, म्हणजे लिटरमध्ये, सांगण्याची पद्धत हौशी जुळणीकारांत रूढ आहे. नेहमीच्या मध्यम उंचीच्या कॅबिनेटचे घनफळ साधारण ४० ते ५० लिटर भरते, तर २० लिटरच्या आतील कॅबिनेट सामान्यतः लघु वर्गात धरले जाते. मोठ्या कॅबिनेटमध्ये भाग विजेच्या आणि संकेतांच्या दृष्टीने एकमेकांशी जुळले की काम भागते. लघु संगणकात मात्र ते एकमेकांना खेटून राहू शकतील का, आणि राहिले तर त्यांची उष्णता कोणत्या वाटेने बाहेर पडेल, हेही आधीच ठरवावे लागते. त्यामुळे येथे कोणताही भाग एकट्याने निवडता येत नाही. एकाला दिलेले दहा मिलिमीटर दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून जातात.

इतिहास : इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकातील पूर्ण मदरबोर्ड, म्हणजे सर्व भाग ज्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी, ३०५ × २४४ मिमी मापाचा असतो. तैवानच्या व्हीआयए टेक्नॉलॉजीजने २००१ मध्ये १७० × १७० मिमीचे मिनी-आयटीएक्स हे माप पुढे आणले. त्याचे क्षेत्रफळ एटीएक्सच्या दोन-पंचमांशाहूनही थोडे कमी आहे. सुरुवातीला हा बोर्ड कमी वीज घेणाऱ्या, बऱ्याचदा पंख्याविना चालणाऱ्या प्रोसेसरांसाठी होता. त्यावरील स्क्रूची चार भोके एटीएक्सच्या भोकांशी जुळती ठेवल्याने तो मोठ्या कॅबिनेटमध्येही बसतो, आणि त्याच्या दीर्घायुष्यामागे ही साधी सोय बरीच कारणीभूत आहे. पुढे याच मापात पूर्ण ताकदीच्या प्रोसेसरचे सॉकेट (तो बसवायची खोबण) आणि ग्राफिक्स कार्डाचा (चित्र तयार करणाऱ्या स्वतंत्र पाटीचा) लांब स्लॉट, म्हणजे ते खोचायची फट, आला आणि छोटा संगणक म्हणजे दुबळा संगणक हे समीकरण मोडले. कॅबिनेटच्या बाबतीत मोठ्या उत्पादकांपेक्षा हौशी लोकांनीच पुढाकार घेतला. सुमारे १२.६ लिटरचे एनकेस एम१ आणि ७.२ लिटरचे डॅन ए४-एसएफएक्स ही दोन्ही कॅबिनेटे हौशी आराखड्यांतून आणि लोकवर्गणीतून तयार झाली, आणि आज बाजारात दिसणाऱ्या अनेक रचनांवर त्यांची छाप आहे.

निवडीचा आरंभ : पुष्कळ जण आधी आवडलेले कॅबिनेट घेतात आणि मग त्यात काय मावते ते शोधत बसतात. हा क्रम उलटा आहे. संगणकाने करायचे काम प्रथम ठरवावे, कारण त्यावरून स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागणार की नाही हे ठरते, आणि लघु संगणकाच्या आकाराचा सर्वांत मोठा निर्णय तोच असतो. लेखन, हिशेब, प्रोग्रॅमिंग, चित्रपट पाहणे किंवा छायाचित्रांचे माफक संपादन एवढेच काम असेल, तर प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली ग्राफिक्स पुरेशी ठरतात. एएमडी कंपनीच्या रायझन ७ ८७००जी यांसारख्या प्रोसेसरांतील ग्राफिक्सवर तर बरेच खेळही मध्यम प्रतीत चालतात. असा संगणक तीन-चार लिटरांत सहज बसतो. त्रिमितीय चित्रण, जड व्हिडिओ संपादन, मोठे खेळ किंवा यंत्र-अध्ययनाची प्रारूपे चालवणे यांसाठी मात्र कार्ड अटळ असते, आणि मग कॅबिनेट व कार्ड ही जोडी एकत्रच निवडावी लागते.

ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटची रचना : कार्डाची जाडी स्लॉटमध्ये मोजतात. दोन स्लॉटमधील अंतर २०.३२ मिमी असल्याने दोन स्लॉटचे कार्ड सुमारे ४० मिमी, अडीचचे ५० आणि तीनचे ६० मिमी जाड असते. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हीडियाने २०२४ मध्ये लघु संगणकांस योग्य अशा कार्डांसाठी ३०४ × १५१ × ५० मिमी ही कमाल मर्यादा जाहीर केली. या मापाचा गुणाकार जवळजवळ २.३ लिटर येतो, म्हणजे दहा लिटरच्या कॅबिनेटचा जवळजवळ एक-चतुर्थांश भाग एकटे कार्डच घेते. १५१ मिमीच्या उंचीत वीजतारेच्या वळणाची जागाही धरलेली आहे, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. उत्पादकांच्या माहितीपत्रकात बहुधा कार्डाचीच उंची दिलेली असते, तारेची नसते. कार्ड बसते पण वरून तार लावल्यावर बाजूचे झाकण लागत नाही, हा अनुभव त्यामुळेच अनेकांना येतो. बारा व्होल्टची नवी सोळा पिनांची जोडणी तर कनेक्टरच्या अगदी तोंडाशी मुडपू नये, कारण पिना तिरक्या होऊन नीट न टेकल्यास तिथे रोध वाढतो आणि जोडणी तापते.

लघु कॅबिनेटची अंतर्रचना मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात कार्ड नेहमीप्रमाणे थेट मदरबोर्डमध्ये काटकोनात बसते. ही रचना सोपी आणि भरवशाची आहे, परंतु ती रुंदी मागते. दुसऱ्या प्रकारात मदरबोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून उभे राहतात आणि त्यांना रायझर केबल ही चपटी, लवचीक तार जोडते. या रचनेत कॅबिनेट सडपातळ होते, आणि प्रोसेसर व कार्ड या दोघांनाही आपापल्या बाजूच्या जाळीतून ताजी हवा मिळते. हा तिचा मोठा गुण असून सात ते अकरा लिटरच्या पट्ट्यात तिला तोड नाही. मात्र रायझर हा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. बोर्ड आणि कार्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस या मानकाच्या तिसऱ्या पिढीसाठी बनवलेल्या तारेवर चौथ्या पिढीचे कार्ड लावले, तर बोर्ड आणि कार्ड परस्पर चौथ्या पिढीचा वेग ठरवून मोकळे होतात आणि तारेला तो पेलत नाही. मग पडदा काळा राहणे किंवा अधूनमधून संगणक गोठणे असे प्रकार होतात, आणि दोष कार्डाला लावला जातो. यावर बायोसमध्ये (बोर्डावरच्या मूळ आज्ञावलीत, जिथे अशा गोष्टी ठरवता येतात) त्या स्लॉटचा वेग तिसऱ्या पिढीवर बांधून ठेवणे हा उपाय आहे. प्रोसेसरमध्ये स्वतःची ग्राफिक्स नसतील, तर बायोस पाहण्यासाठी एकदा तरी कार्ड थेट बोर्डात बसवावे लागते.

उष्णता : संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत बदलते. त्यामुळे प्रोसेसर आणि कार्ड यांच्या वॉटची बेरीज म्हणजेच कॅबिनेटबाहेर काढायच्या उष्णतेचा आकडा होय. तीनशे वॉट घेणारा संगणक पंचेचाळीस लिटरांत असो वा नऊ लिटरांत, उष्णता तेवढीच निर्माण होते. फरक पडतो तो पंख्यांच्या आकारात, उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या हीटसिंकच्या पात्यांच्या एकूण पृष्ठभागात आणि हवेच्या वाटेतील अडथळ्यांत. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलण्यासाठी जास्त वेगाने फिरावे लागते आणि त्याचा आवाज चढा, कर्कश होतो. म्हणून लघु संगणकात शांतता हवी असेल तर ती पंखा बदलून फारशी मिळत नाही. ती वॉट कमी करून मिळवावी लागते.

वॉटच्या छापील आकड्यावर मात्र विसंबून चालत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरील १०५ वॉट दर्जाच्या प्रोसेसरला प्रत्यक्षात १४२ वॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते आणि ६५ वॉट दर्जाच्या प्रोसेसरला ८८ वॉटपर्यंत. इंटेलच्या कोअर आय९-१३९०० या प्रोसेसरचा मूळ दर्जा ६५ वॉट असला, तरी वेग वाढवताना तो २१९ वॉटपर्यंत जाऊ शकतो. कूलरची, म्हणजे हीटसिंक आणि पंखा यांच्या जोडीची, निवड या वरच्या आकड्यावरून करावी किंवा तो आकडा बायोसमध्ये स्वतः खाली आणावा. दुसरा मार्ग लघु संगणकाला अधिक मानवतो आणि त्यामागे भौतिकीतील कारण आहे. अर्धवाहक चिपचा चल वीजव्यय (काम करताना खर्च होणारी वीज) वारंवारतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. वेगाच्या शेवटच्या पायऱ्या चढताना विद्युतदाब झपाट्याने वाढवावा लागतो, त्यामुळे तेवढ्याशा वेगासाठी विजेची प्रचंड किंमत मोजावी लागते. म्हणूनच १४२ वॉटची मर्यादा ८८ वर आणली, तर वीज ३८ टक्के घटते, पण काम त्या मानाने फारच थोडे मंदावते. एएमडीच्या बोर्डांवर ही सोय इको मोड या नावाने असते. ग्राफिक्स कार्डाचा विद्युतदाबही अशाच रीतीने किंचित उतरवता येतो, आणि लहान कॅबिनेट घेणाऱ्याने हे कौशल्य भाग विकत घेण्यापूर्वीच शिकून घ्यावे.

कूलरची उंची ही कॅबिनेटने घातलेली कठोर मर्यादा आहे. नॉक्टुआ या कूलर बनवणाऱ्या कंपनीचा एनएच-एल९आय अवघा ३७ मिमी उंच आहे, तर एनएच-एल१२एस ७० मिमी. या तेहतीस मिलिमीटरांत पंख्याचा व्यास ९२ वरून १२० मिमी होतो आणि शांतपणे हाताळता येणारे वॉट बरेच वाढतात. ३७ मिमीच्या कूलरवर ६५ वॉट दर्जाच्या प्रोसेसरपलीकडे जाऊ नये. या बुटक्या कूलरांचा एक गुण सहसा लक्षात येत नाही. ते हवा बोर्डाच्या दिशेने फुंकतात, त्यामुळे सॉकेटभोवतीचे विद्युतदाब नियंत्रक, रॅम (काम चालू असतानाची स्मृती) आणि एसएसडी (कायमच्या साठवणीची पट्टी) यांनाही वारा लागतो. द्रवशीतनाचा (द्रव फिरवून उष्णता दूर नेण्याच्या पद्धतीचा) रेडिएटर बसवला तर प्रोसेसर थंड राहतो, पण बोर्डावरचे हे इतर भाग वाऱ्याविना तापतात. कूलरच्या वर झाकणाची जाळी असेल, तर पंखा आणि जाळी यांतील अंतरही पाहावे. अंतर अगदी थोडे असले की हवेचा घोंघाट वाढतो आणि बोटभर मोकळे राहिले तर आधीच बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. त्या पोकळीत फेसाची कडी बसवण्याचा हौशी उपाय दिसायला साधा असला तरी तापमान खरोखर उतरवतो. सॉकेटही तपासावे लागते. इंटेलच्या २०२१ मधील एलजीए १७०० सॉकेटपासून कूलरच्या भोकांमधील अंतर ७५ वरून ७८ मिमी झाले असल्याने जुना कूलर नव्या पट्ट्यांशिवाय बसत नाही.

पॉवर सप्लाय : भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना लागणाऱ्या विद्युतदाबांत बदलणारा नेहमीचा एटीएक्स पॉवर सप्लाय १५० × ८६ × १४० मिमी, म्हणजे सुमारे १.८ लिटर जागा घेतो. एसएफएक्स हे माप १२५ × ६३.५ × १०० मिमी, म्हणजे सुमारे ०.८ लिटर आहे. वाचलेला हा एक लिटर लघु संगणकात कूलरला किंवा तारांना मिळतो. एसएफएक्स-एल हा त्याच रुंदीचा पण १३० मिमी लांब प्रकार असून त्यात १२० मिमीचा पंखा बसतो. तो अधिक शांत असला तरी कॅबिनेटमध्ये तारांसाठी राखलेली जागा तोच गिळतो, त्यामुळे दहा लिटरच्या आत साधा एसएफएक्सच बरा. अगदी लहान संगणकांत फ्लेक्स एटीएक्स हा सडपातळ प्रकार किंवा बाहेर ठेवायचा अडॅप्टर वापरतात. अडॅप्टरमुळे रूपांतरणाची उष्णता कॅबिनेटबाहेरच राहते, हा त्याचा फायदा.

क्षमता निवडताना सरासरी वॉटबरोबर क्षणिक झेपही मोजावी. शक्तिशाली कार्डे मायक्रोसेकंदांच्या काळात छापील आकड्याच्या कितीतरी वर जातात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात, नव्या सोळा पिनांच्या जोडणीसह येणाऱ्या मोठ्या पॉवर सप्लायांवर १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसण्याची अट आली ती यामुळेच. हव्या त्याच तारा जोडता येतील असा पूर्ण मॉड्युलर प्रकार येथे चैनीचा भाग राहत नाही, कारण न वापरलेल्या तारांची गुंडाळी ठेवायला जागाच नसते.

मदरबोर्ड, रॅम आणि साठवण : मिनी-आयटीएक्स बोर्डावर विस्ताराचा एकच लांब स्लॉट आणि बहुधा रॅमच्या दोनच जागा असतात. नंतर भर घालता येत नाही, म्हणून हवी तेवढी रॅम पहिल्यांदाच जोडीने घ्यावी. रॅमच्या पट्टीची मूळ उंची सुमारे ३१ मिमी असते. तिच्यावर शोभेचे उंच आवरण असलेले प्रकार बुटक्या कूलरच्या आड येतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हे सांगायला नकोच. एसएसडीसाठी २२ × ८० मिमी मापाच्या एम.२ जागा असतात आणि त्यांतील एक पुष्कळदा बोर्डाच्या पाठीवर असते. तिथे वारा पोहोचत नाही आणि ती बदलायची तर सगळा संगणक सुटा करावा लागतो, म्हणून जास्त राबणारी एसएसडी पुढच्या जागी ठेवावी. बोर्डावर पंख्यांच्या किती जोडण्या आहेत आणि पुढच्या यूएसबी-सी दारासाठी जोडणी आहे का, हे आधी मोजून घ्यावे, कारण छोट्या बोर्डांत नेमक्या याच गोष्टी गाळलेल्या असतात.

जुळणीची पूर्वतयारी : माहितीपत्रकातील मापे कागदावर उतरवून जुळवली तरी तारांची वळणे त्यात दिसत नाहीत. कार्ड आणि पॉवर सप्लाय यांच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके करून ते रिकाम्या कॅबिनेटमध्ये ठेवून पाहणे हा कमी खर्चाचा आणि डोळे उघडणारा प्रयोग आहे. बोर्ड आत जाण्यापूर्वी प्रोसेसर, रॅम आणि कूलर बसवून तो बाहेरच एकदा चालू करून पाहावा. प्रोसेसरची वीजजोडणी कूलरच्या आड जाणार असेल तर ती आधीच लावावी, कारण नंतर तिथे बोटे शिरत नाहीत. झाकण लावल्यावर अर्धा-पाऊण तास पूर्ण भार देऊन तापमान नोंदवावे आणि मगच पंख्यांचा वेग बायोसमध्ये ठरवावा. उघड्या कॅबिनेटवर घेतलेल्या नोंदी दिशाभूल करतात. या सर्व भागांत ग्राफिक्स कार्ड सर्वांत आधी बदलले जाते, म्हणून आजच्या कार्डाभोवती तसूभरही जागा न सोडणारे कॅबिनेट घेतल्यास पुढच्या कार्डाच्या वेळी बहुधा कॅबिनेटही बदलावे लागते.