पाऊस तेवढाच, पण मधल्या खंडाने मारलं

2023 चा ऑगस्ट आठवतोय का? अख्ख्या देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आणि आमच्या मराठवाड्यात नेमकं सोयाबीन तेव्हा फुलोऱ्यात. फुलं गळून पडली, ज्या शेंगा धरल्या त्या भरल्याच नाहीत. मग 2025 चा सप्टेंबर आला, तेव्हा उलटंच झालं, इतकं पाणी आलं की पीक तर गेलंच पण काही ठिकाणी वरची मातीसुद्धा खरडून गेली. लोक म्हणतात पाऊस कमी झालाय, पण बऱ्याच वेळा वर्षाची बेरीज बघितली तर ती ठीकठाकच निघते, वाट लागते ती पावसाच्या वाटणीमुळे.

ह्यामागचं सायन्स तसं सोपं आहे. हवा एक डिग्रीने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त वाफ मावते. म्हणजे हवेची टाकी मोठी झाली, त्यामुळे रिकामी झाली की एकदम ओतते. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या टीमने 2017 साली दाखवलं होतं की 1950 ते 2015 मध्ये मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्यात.

आता हिशोब करा. एक एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास 4000 लिटर पाणी. दोन तासात 60 मिलिमीटर पडला तर 2 लाख 40 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर चोवीस! हे सगळं तुमच्या एकाच एकरात फुकट आलं आणि त्यातलं बरंचसं बांध फोडून नाल्याला गेलं, कारण आपली काळी माती ओली झाली की फुगते, भेगा बंद होतात आणि पाणी आत जायचा वेग अगदीच कमी होतो. तीच माती सुकली की आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओलसुद्धा उडून जाते. दोन्हीकडून मार.

म्हणून कोरडवाहूवाल्याचा खरा प्रश्न हा की त्या चोवीस टँकरमधले चार-पाच जरी मुळाशी थांबवता आले तर पाऊस पंधरा दिवस गायब झाला, म्हणजे खंड पडला, तर त्याचा मार हलका होतो का. बऱ्याच वेळा होतो, पूर्ण नाही पण थोडा तरी. ह्यावर हैदराबादजवळच्या इक्रिसॅट ह्या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेत 1970 च्या दशकातच काम झालंय, रुंद वरंबा सरी, आपल्याकडे सगळे बीबीएफ म्हणतात. सपाट रानात पेरण्याऐवजी रुंद गादी करायची, तिच्यावर चार ओळी, दोन्ही बाजूला सरी. पाऊस कमी असला तर सरीत पाणी थांबून मुरतं, जास्त झाला तर त्याच सरीतून बाहेर निघतं आणि मुळं गुदमरत नाहीत. बियाणंही कमी लागतं, एकरी 30 किलोच्या जागी 22 च्या आसपास.

दुसरी गोष्ट तर आपल्या आज्यांना माहिती होती, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती अवजाराने हलवणं. वरची दोन बोटं माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात, खालून वर चढणारी ओल मध्येच तुटते. तणनाशक मारून मोकळं व्हायच्या नादात कोळपणी मागे पडली, हे माझ्या मते महागात पडलंय.

गरिबीचा मुद्दा मात्र पेरणीच्या आधीच सुरू होतो. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, तरी लोक पहिल्या सरीवर पेरतात, मग खंड पडतो, दुबार पेरणी, दुकानदाराकडे परत उधारी. सोयाबीनचं एक बरं आहे की ते स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे घरचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवा, 70 उगवले तर बिनधास्त पेरा. ह्याला काहीच खर्च नाही, आणि दुबारची वेळ आली तरी निदान बियाण्याची उधारी टळते.

शेततळ्याबद्दल मात्र जरा बोलायला पाहिजे. वाहून जाणारं पाणी अडवून फुलोऱ्यात एक पाणी द्यायला शेततळं भारी आहे, पण कित्येक ठिकाणी प्लास्टिक टाकून ते बोअरच्या पाण्याने भरतात. म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं! त्यात शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर आटते. हिवरे बाजारने 2004 पासून पाण्याचं गाव-बजेट मांडलं, शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, पाणी म्हणूनच तिथे टिकलं.

आणि बीबीएफचं घोडं अडतं कुठे तर वापशावर, म्हणजे माती पेरणीजोगी ओलसर असते त्या मोजक्या दिवसांवर. पेरायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात, यंत्र भाड्याचं, ट्रॅक्टरवाला आधी वीस एकरवाल्याकडे जाणार, आमच्यासारख्याचा नंबर येईपर्यंत ओल गेलेली असते. त्याला जुगाड आहे. नेहमीच्या तिफणीनेच पेरायचं, आणि पीक महिन्याच्या आत असताना डवऱ्याला, म्हणजे बैलाच्या कोळपणीच्या अवजाराला, दोरी गुंडाळून दर चार ओळींनंतर सरी काढायची. यंत्राइतकी फिनिशिंग येत नाही, पण पाणी थांबतं, आणि बैलजोडी शेजारची चालते.