केसाएवढा फरक : .२२ सॅव्हेज हाय-पॉवर काडतुसाची पार्श्वभूमी

आज बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक .२२ सेंटरफायर (तळाच्या मध्यभागी आघात होऊन पेटणारे काडतूस वापरणाऱ्या) रायफलीच्या गोळीचा व्यास ०.२२४ इंच असतो. १९१२ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या .२२ सॅव्हेज हाय-पॉवर या काडतुसाची गोळी मात्र ०.२२८ इंचाची आहे. हा फरक चार सहस्रांश इंचाचा, म्हणजे एक दशांश मिलिमीटरचा, फार तर एखाद्या जाड केसाएवढा. तरीही या काडतुसाचे दुर्मीळ होणे आणि हाताने काडतुसे भरणाऱ्या हौशी मंडळींना त्याचे अजूनही वाटणारे आकर्षण या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी त्या केसाएवढ्या फरकातून आल्या आहेत.

‘हाताने भरणे’ म्हणताच आपल्याकडे कोकणातील ठासणीची बंदूक आठवते. मात्र तेथे दारू आणि छर्रे थेट नळीत ठासले जातात. येथे ज्याला हॅण्डलोडिंग म्हणतात त्यात बार उडाल्यावर उरलेली पितळी पुंगळी जपून ठेवली जाते, तिच्या तळाची, आघाताने दारू पेटवणारी आणि आता निकामी झालेली टोपी काढून नवी बसवली जाते, दारू तराजूवर तोलून भरली जाते आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवली जाते. कारखान्याने एखादे काडतूस बनवणे थांबवले, तर ती रायफल भिंतीवरची शोभा ठरणार की वापरात राहणार हे या कारागिरीवर अवलंबून असते.

हे काडतूस चार्ल्स न्यूटन यांच्या डोक्यातून निघाले. हा गृहस्थ पेशाने न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराचा वकील होता, पण त्याचे चित्त कज्जेदलालीपेक्षा गोळीच्या वेगात अधिक रमे. त्या काळच्या अमेरिकी शिकाऱ्याचा भरवसा वजनदार गोळीवर असे. .३०-३० विंचेस्टरची १७० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,२०० फूट वेगाने जात असे आणि हरणासाठी ती पुरेशी मानली जाई. (ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज, म्हणून १७० ग्रेन म्हणजे अकरा ग्रॅम.) न्यूटन यांनी हा हिशोबच उलटा केला. विंचेस्टरने १८९५ मध्ये काढलेल्या .२५-३५ या काडतुसाची पुंगळी त्यांनी घेतली, तिची मान आवळून .२२ पर्यंत आणली आणि तीत केवळ ७० ग्रेनची, म्हणजे साडेचार ग्रॅमची, टोकदार गोळी बसवली. तिचा वेग सेकंदाला २,८०० फूट, म्हणजे सुमारे ८५० मीटर भरला. आपल्याकडच्या जुन्या .३०३ च्या १७४ ग्रेनच्या गोळीचा वेग २,४४० फुटांच्या आसपास असे, हे लक्षात घेतले म्हणजे १९१२ साली या आकड्याने किती जणांच्या भुवया उंचावल्या असतील याची कल्पना येते. लोकांनी या काडतुसाला ‘इम्प’, म्हणजे खोडकर पिशाच्च, असे लाडाचे नाव दिले.

हे काडतूस सॅव्हेज कंपनीनेच का स्वीकारले, याला एक यांत्रिक कारण होते. विंचेस्टर आणि मार्लिन यांच्या त्या काळच्या लोकप्रिय लिव्हर (खालचा दांडा ओढून नवे काडतूस चढवायच्या) रायफलींमध्ये काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागोमाग एक राहत, त्यामुळे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेले असे. गोळी टोकदार असती, तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने त्या टोकाचा टोपीवर आघात होऊन नळकांड्यातच स्फोट होण्याचे भय होते, म्हणून अशा रायफलींसाठी बोथट गोळ्याच बनत. जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेज यांच्या १८९९ च्या नमुन्यात मात्र काडतुसे एका फिरत्या चक्रात, रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखी, वेगवेगळ्या खाचांत बसत आणि कोणतेही टोक कोणत्याही टोपीला लागत नसे. चौकटीच्या डाव्या अंगाला असलेल्या छोट्या खिडकीतून किती काडतुसे उरली हेही दिसे. टोकदार गोळी हवेला कमी अडथळा करते आणि लांबवर वेग टिकवते. न्यूटन यांना नेमके हेच हवे होते आणि लिव्हर रायफलींपैकी ते झेपेल अशी रायफल जवळपास हीच होती.

पुढे जे घडले त्यात काडतुसाचा दोष कमी आणि माणसांच्या उत्साहाचा अधिक होता, असे माझे मत आहे. चीनच्या फूच्येन प्रांतात धर्मप्रसार करणाऱ्या हॅरी कॉल्डवेल या अमेरिकी मिशनऱ्याने याच रायफलीने वाघ मारले. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे रॉय चॅपमन अँड्र्यूज १९१६ मध्ये त्याच्याकडे गेले आणि दोघे मिळून त्या भागातील कथित ‘निळ्या वाघा’च्या मागावर हिंडले. त्यामुळे या रायफलीची कीर्ती आणखी पसरली. साडेचार ग्रॅमच्या गोळीने वाघ पडतो म्हटल्यावर हरणे आणि अस्वले ती किस झाड की पत्ती, असा समज होणे स्वाभाविक होते. परंतु कॉल्डवेल अगदी जवळून आणि शांत हाताने नेम धरणारा माणूस होता. सामान्य शिकाऱ्याची गोळी खांद्याच्या हाडावर लागे आणि त्या वेगात तिचे पातळ आवरण फुटून गोळीचे तुकडे होत. जखम वरवरची राही आणि जनावर तडफडत दूर निघून जाई. काही जणांच्या हातून हरीण जागीच कोसळे, तर काहींना दिवसभर माग काढावा लागे. अशा बेभरवशाच्या वागण्यामुळे हे काडतूस लवकरच बदनाम झाले.

त्यात सॅव्हेजनेच त्याला घरात स्पर्धक आणून ठेवला. १९१५ मध्ये न्यूटन यांच्याच आराखड्यावरून .२५०-३००० हे काडतूस आले. त्याच्यासाठी न्यूटन यांना १०० ग्रेनची गोळी हवी होती, पण कंपनीला जाहिरातीसाठी सेकंदाला ३,००० फुटांचा गोल आकडा हवा होता, म्हणून गोळीचे वजन ८७ ग्रेनवर आणण्यात आले. हरणाच्या शिकारीला हे काडतूस निःसंशय अधिक योग्य होते. न्यूटन यांनी पुढे स्वतःचा रायफलींचा कारखाना काढला, पहिल्या महायुद्धाच्या काळात तो बुडाला आणि १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले. .२२ हाय-पॉवर तोवर मागे पडत चालले होते.

व्यासाचा प्रश्न याच काळात कायमचा निकालात निघाला, आणि तो हाय-पॉवरच्या विरोधात गेला. १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागाराशी संबंधित काही हौशी मंडळींनी जुन्या .२२ विंचेस्टर सेंटरफायरच्या पुंगळीवरून .२२ हॉर्नेट घडवले. त्यांच्या हाताशी .२२ रिमफायरच्या (पुंगळीच्या तळाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या काडतुसांच्या) नळ्या होत्या आणि त्यांचे अंतर्गत माप ०.२२३ इंचाच्या आसपास असल्यामुळे हॉर्नेटची गोळीही त्याच मापाची झाली. १९३५ मध्ये विंचेस्टरने .२२० स्विफ्ट ०.२२४ इंचाच्या गोळीसह आणले आणि सेकंदाला ४,००० फुटांचा टप्पा ओलांडला. १९३७ मध्ये आलेल्या .२१९ झिपरची गंमत तर वेगळीच आहे. तेही .२५-३५ चीच पुंगळी आवळून बनवलेले, म्हणजे हाय-पॉवरचे सख्खे भावंड, पण त्याची गोळी ०.२२४ इंचाची होती. विंचेस्टरने ते नळकांडे असलेल्या रायफलीत घातले, त्यामुळे गोळी बोथट ठेवावी लागली आणि न्यूटन यांनी पंचवीस वर्षांपूर्वी टाळलेल्या चुकीतच ते अडकले. न्यूटन यांच्या .२५०-३००० ची मान आवळून हौशी लोकांनी .२२-२५० बनवले आणि रेमिंग्टनने १९६५ मध्ये ते अधिकृतपणे बाजारात आणले. त्याचीही गोळी ०.२२४ इंचाची. पुढे ५.५६ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाने हे माप जगभर पोहोचवले. भारतीय सैन्याच्या इन्सास रायफलीची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुधनिर्माणीत बनतात, तीही याच व्यासाची. ०.२२८ इंचाच्या नळीचा मालक बाजारात एकटा पडला.

एकट्या पडलेल्या या मालकाला दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईने अप्रत्यक्ष हात दिला. युद्धकाळात अमेरिकेत नागरी वापरासाठी गोळ्या मिळेनाशा झाल्या, तांबे सरकारजमा होऊ लागले आणि हौशी मंडळींनी सरावाच्या मैदानांवर पडलेल्या .२२ रिमफायरच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्यांचीच गोळीची बाह्य आवरणे बनवण्याची युक्ती काढली. अशी पुंगळी भाजून मऊ करावी, साच्यातून दाबून तिची तळाची कड सपाट करावी, आत शिशाची तार बसवावी आणि शेवटच्या साच्यात टोक आणावे, अशी ती पद्धत होती. कॅलिफोर्नियाच्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये याच कामाचे साचे बनवायला सुरुवात केली. आज प्रसिद्ध असलेले आरसीबीएस हे नाव ‘रॉक चक बुलेट स्वेज’ या त्या साच्यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. आयडाहोतील व्हर्नन स्पीअर यांनी त्याच सुमारास याच मार्गाने गोळ्यांचा धंदा उभारला आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या जॉईस होर्नाडी यांनी १९४९ मध्ये नेब्रास्कात स्वतःचा कारखाना काढला. युद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू विकत घेऊन ती स्वस्तात विकायला सुरुवात केली. हॅण्डलोडिंग हा मूठभर तज्ज्ञांचा छंद राहिला नाही, तो घराघरांतील कामाच्या मेजावर येऊन बसला.

हाय-पॉवरची पुंगळी मिळवणे हे या मेजावरचे पहिले कोडे असते. तिचे मूळ कुळ .३०-३० चे असल्यामुळे त्या सर्वत्र मिळणाऱ्या पुंगळीची मान टप्प्याटप्प्याने आवळता येते. प्रथम .२५, मग .२२, आणि प्रत्येक टप्प्यावर पुंगळीला मेणासारखे वंगण लावावे लागते. वंगण कमी पडले तर पुंगळी साच्यात घट्ट अडकते, जास्त झाले तर पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, खळगा पडतो आणि दोन टप्पे एकाच दणक्यात उरकायला गेल्यास खांदा कागदासारखा दुमडतो. मान आवळली की तिचे पितळ जाड होते, ते आतून किंवा बाहेरून खरवडले नाही तर गोळी सुटायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. घडवण्याच्या कामात पितळ कडकही होते, म्हणून मान तापवून मऊ करावी लागते. या कामात पहिल्या काही पुंगळ्या वाया जातातच. .२५-३५ ची पुंगळी मिळाली तर यातले निम्मे कष्ट वाचतात, पण ती स्वतःच दुर्मीळ झाली आहे.

दुसरे कोडे गोळीचे, आणि येथे घाई जिवावर बेतू शकते. काही जुन्या युरोपीय नळ्यांची मापे कागदावरच्या आकड्याशी जुळत नाहीत, म्हणून जाणते लोक मऊ शिशाचा गोळा तेल लावून लाकडी दांडीने नळीतून हलकेच पार ठोकतात आणि बाहेर आलेल्या गोळ्यावर उमटलेल्या आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतील सर्पिल रेघांच्या) खाचा मायक्रोमीटरने मोजतात. ०.२२४ च्या नळीत ०.२२८ ची गोळी घातली तर दाब अनावर वाढतो. उलट ०.२२८ च्या नळीत ०.२२४ ची गोळी सैल बसते, तिच्या कडेने वायू निसटतो आणि कागदी लक्ष्यावर छिद्रे वाट्टेल तेथे पडतात. होर्नाडीने या काडतुसासाठी ७० ग्रेनची ०.२२७ इंचाची गोळी काढली होती आणि अनेक वर्षे बऱ्याच जणांचा आधार तीच होती. काही जण सहा मिलिमीटरच्या गोळ्या कडीसारख्या साच्यातून ओढून बारीक करतात.

या काडतुसातून हाताने भरताना किती काढता येईल, या प्रश्नाचे उत्तर उत्साही मंडळींना आवडणारे नाही. सॅव्हेजच्या जुन्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा ठोकळा, मागच्या टोकाला अडकतो. त्यामुळे जास्त दाबाखाली पोलाद किंचित लवते आणि पुंगळी तळाजवळ ताणली जाते. तेथे आत बारीक चीर पडू लागली, की दोन-चार वेळा भरल्यानंतर पुंगळी मधून तुटते. नळीतील आटे बारा इंचात एक वेढा घेतात, म्हणून फार लांब आणि जड गोळी हवेत स्थिर राहत नाही. वेग वाढवण्यासाठी दारू वाढवणे हे शंभर वर्षांच्या रायफलीवर केलेला अन्यायच म्हणावा लागेल. खरी शक्यता गोळीच्या बांधणीत आहे. जाड आवरणाची, आत जाऊन हळूहळू पसरणारी गोळी मूळच्याच वेगाने सोडली, तर १९१२ च्या पातळ गोळीने केलेली बदनामी बरीचशी धुऊन निघते, मात्र लहान हरणांपुरतीच. आपल्याकडे हा प्रयोग घरी करता येत नाही, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो.

युरोपने ही मर्यादा मुकाट्याने ओळखली. तेथे हेच काडतूस ५.६×५२आर या नावाने ओळखले जाते. त्याच्या तळाला ठळक कड असल्यामुळे मधोमध मोडून उघडणाऱ्या बंदुकीतून ते सहज बाहेर ओढता येते, म्हणून छऱ्याच्या नळ्या आणि रायफलीची नळी एकत्र असलेल्या जोडबंदुकांत ते रुळले. जर्मन शिकार कायद्यानुसार रो या लहान युरोपीय हरणासाठी शंभर मीटरवर गोळीत किमान १,००० जूल ऊर्जा असावी लागते आणि सत्तर ग्रेनची ही गोळी त्या अटीत बसते. त्याहून मोठ्या जनावरांसाठी मात्र २,००० जूल ऊर्जा आणि किमान ६.५ मिलिमीटरचा व्यास बंधनकारक असल्याने तेथे कोणी या गोळीने रानडुकराला आव्हान द्यायला जात नाही. नॉर्मा आणि सेलिअर अँड बेलो या कारखान्यांनी या काडतुसाचे उत्पादन टिकवले. त्यामुळे जुनी सॅव्हेज रायफल बाळगणाऱ्या अमेरिकी माणसाने कधी युरोपीय काडतुसांचा एखादा डबा मिळवला, की तो त्यातील वीस बार मोजून उडवतो आणि वीसही पुंगळ्या रुमालात बांधून घरी नेतो.